अकरा अक्षरं

आमच्या सर्व्हरचा पासवर्ड अकरा अक्षरांचा होता. पहिलं कॅपिटल, मध्ये ‘ओ’च्या जागी शून्य, शेवटी उद्गारचिन्ह. कंपनीत येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी मिळायचा, तोंडी, आवाज जरासा खाली आणून. सरांनी मला सांगितला तेव्हा मी वहीत लिहायला गेलो, तर त्यांनी वही मिटली. म्हणाले, “लिहायचा नाही. दहा वेळा टाइप कर, बोटं लक्षात ठेवतील.” बोटांनी ठेवला. आज कुणी विचारला तर मला तो तोंडाने धड सांगता येणार नाही, कीबोर्ड पुढ्यात घ्यावा लागेल.

सतरा सर्व्हर, एक खातं, एक पासवर्ड. खात्याचं नाव ‘डिप्लॉय’. घरून काम करणारे, रात्रपाळीचे, प्रवासात असलेले, सगळे त्याच नावाने आत यायचे. एकच मुखवटा सगळ्यांनी आळीपाळीने चढवावा तसा प्रकार. आणि तो इतकी वर्षं इतका सुरळीत चालला होता, की त्यात काही गैर आहे असं म्हणणारा आगाऊ ठरला असता.

एका रात्री मी लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण आलं-गेलं त्याची नोंद, वाचत बसलो होतो. उघड्या इंटरनेटवर २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे दुरून आत शिरायचं दार, चालू असलेल्या कुठल्याही यंत्राचा लॉग एकदा तरी वाचून बघावा. टकटक अखंड चालू असते. रूट नावाने, अ‍ॅडमिन नावाने, टेस्ट, गेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस... कुठले कुठले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, एकामागून एक पासवर्ड लावून बघत असतात. पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखी त्याची सवय होऊन जाते. त्या पावसात एक ओळ वेगळी दिसली. खातं डिप्लॉय, पासवर्ड स्वीकारला, वेळ रात्री १ वाजून ४८ मिनिटं, पत्ता अनोळखी.

पुढची चाळीस मिनिटं मी झोपलेल्या माणसांना उठवत होतो. “तू आत आहेस का?” एवढाच प्रश्न. सहाव्या फोनवर माणूस सापडला. तो प्रवासात होता आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या वायफायवरून एक स्क्रिप्ट तपासायला आत आला होता. तो हसला. दुसऱ्या दिवशी बाकीचेही हसले. मला काही हसू येईना. चोर आला नव्हता हे खरं, पण आला असता तर लॉगमध्ये हीच ओळ उमटली असती, काना-मात्रेचाही फरक न पडता.

त्याच आठवड्यात ठरवलं, की पासवर्ड बदलायचा नाही, बंदच करायचा.

पासवर्डची गोम अशी, की तो सांगावा लागतो. सांगितल्याशिवाय तुम्ही तुम्ही ठरत नाही, आणि सांगितला की तो तुमच्या एकट्याचा राहत नाही. हे दुखणं आजचं नाही. एमआयटीमध्ये १९६०च्या दशकात फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली. एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून ज्याच्या त्याच्या फायलींना ज्याचा त्याचा पासवर्ड. त्याच दशकात तिथे एक मजेशीर घोटाळा झाला. एक जण त्या दिवसाची सूचना लिहीत होता, त्याच वेळी दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, आणि एडिटरच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी यायला लागली. पासवर्डला अजून नीट मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायला आज वापरतात त्या एसएसएचचा जन्म तर एका चोरीतून झाला. १९९५मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी कान लावून बसलं आणि जाणारे-येणारे पासवर्ड टिपत राहिलं. तेव्हा टेलनेटने दूरच्या यंत्रात शिरायचं म्हणजे पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. तिथल्याच तातू युलोनेन या संशोधकाने वैतागून नवा प्रोग्रॅम लिहिला. टेलनेटचा पोर्ट २३, फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१. या दोघांची जागा आपला प्रोग्रॅम घेणार, मग मधला २२ आपल्याला द्या, अशी मेल त्याने पाठवली आणि दुसऱ्याच दिवशी तो नंबर त्याला मिळाला. त्या काळी नंबर असे मिळायचे.

आम्ही वापरत होतो तेही एसएसएचच. मग अडचण काय, असं मला मीटिंगमध्ये विचारण्यात आलं, आणि प्रश्न रास्त होता. एसएसएच रस्ता झाकून टाकतं, वाटेत कुणाला काही ऐकू येत नाही. पण पासवर्ड टाइप केला की तो त्या झाकलेल्या रस्त्याने पलीकडे पोहोचतो आणि पलीकडच्या यंत्राच्या हातात जसाच्या तसा पडतो. ते यंत्र आधीच कुणी ताब्यात घेतलं असेल तर आपण आपल्या हाताने त्याला पासवर्ड दिला. आणि तोच पासवर्ड उरलेल्या सोळा यंत्रांनाही चालतो.

दुसरा मार्ग जोडकिल्ल्यांचा. १९७६मध्ये डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या कल्पनेतून तो निघाला. तुमच्या यंत्रावर दोन फायली तयार होतात, एक खासगी आणि एक सार्वजनिक. सार्वजनिक फाइल सर्व्हरवर ठेवायची, खासगी आपल्याकडे. जोडणी होताना दोन्ही यंत्रं मिळून त्या एका संभाषणापुरता एक क्रमांक ठरवतात. तुमचं यंत्र खासगी किल्लीने त्यावर सही करतं आणि सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळून बघतो. ती सही दुसऱ्या कुठल्याही संभाषणात कवडीच्या कामाची नसते. सर्व्हर अख्खा उचलून नेला तरी चोराच्या हाती सार्वजनिक किल्ल्याच लागतात, आणि त्या चव्हाट्यावर टांगल्या तरी चालतात.

खरं तर ‘किल्ली’ या शब्दानेच सगळा घोळ केला आहे. किल्ली म्हटलं की ती कुलपात घालायची, शेजाऱ्याकडे ठेवायची, कुणाला हवी असेल तर द्यायची. इथली किल्ली खिशातून कधी बाहेरच येत नाही. ती मोहोर आहे. मोहोर आपल्याकडे असते, उमटलेला ठसा पलीकडे जातो, आणि पलीकडच्याजवळ ठसा ताडून बघायला एक नमुना असतो. सुरुवातीलाच कुणी तिला मोहोर म्हटलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते.

कारण मी सगळ्यांना मेल पाठवली : आपापल्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन हा किल्ल्या बनवणारा प्रोग्रॅम चालवा, किल्लीचा प्रकार ईडी२५५१९ निवडा, आणि तयार होणारी सार्वजनिक किल्ली, म्हणजे नावाच्या शेवटी ‘पब’ असलेली फाइल, मला पाठवा. तासाभरात पहिलं उत्तर आलं. त्याला दोन फायली जोडलेल्या होत्या. खाली लिहिलं होतं, “दोन तयार झाल्या, कुठली हवी ते कळलं नाही म्हणून दोन्ही पाठवतोय.” मी कपाळाला हात लावला. पण तो माणूस मूर्ख नव्हे, आमच्यातला सगळ्यांत काटेकोर. त्याने किल्ली मागणाऱ्याला किल्ली दिली. मला त्याला सांगावं लागलं, की ही जोडी आता बाद, दोन्ही फायली पुसून टाक आणि नवी जोडी कर. “पण तुलाच तर पाठवली,” तो म्हणाला. मलासुद्धा पाठवायची नाही, हे समजावताना मला विचित्र वाटलं. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांवरचा विश्वास एकच पासवर्ड वाटून घेऊन दाखवत आलो होतो.

दुसरं भांडण पासफ्रेजवरून. किल्ली बनवताना तिला पासफ्रेज, म्हणजे तिच्यापुरता एक लांबसा पासवर्ड, द्यायची, नाहीतर लॅपटॉप चोरणाऱ्याला ती फाइल आयतीच मिळते. यावर अख्खी टीम उखडली. पासवर्ड नको म्हणून किल्ली आणली, आणि आता किल्लीलाच पासवर्ड? मी निमूट ऐकून घेतलं, कारण ऐकायला तो युक्तिवाद बिनतोड वाटतो. फरक एवढाच, की ही पासफ्रेज तुमच्या यंत्राच्या बाहेर कुठेही जात नाही. ती फक्त तुमच्या डिस्कवरची फाइल उघडते. दिवसातून एकदा टाइप केली की एसएसएच-एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडलेली किल्ली मेमरीत धरून ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा विचारत नाही. तिसऱ्या दिवशी तक्रारी आपोआप थांबल्या. एकाने पासफ्रेज ठेवलीच नाही हे मला नंतर कळलं. कसं कळलं ते सांगत नाही.

पहिला सर्व्हर लावायला घेतला आणि अख्खी दुपार वाया गेली. किल्ली बरोबर, फाइल बरोबर, तरी सर्व्हर आपला पासवर्डच मागतोय. काय बिनसलं ते पलीकडून कळत नाही, आणि कळू नये अशीच त्याची रचना आहे, कारण दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आतली अडचण का सांगायची? शेवटी सर्व्हरवरचा लॉग उघडला तेव्हा उलगडा झाला. होम फोल्डरमध्ये ग्रुपमधल्या इतरांनाही लिहायची परवानगी होती. अशा वेळी एसएसएच, कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या सार्वजनिक किल्ल्यांच्या यादीवर विश्वासच ठेवत नाही. यादी ज्या फोल्डरात आहे तिथे दुसरा कुणी लिहू शकत असेल, तर तो स्वतःचं नावही घुसडू शकेल, असा त्याचा हिशेब. एसएसएचच्या फोल्डरला ७००, यादीच्या फाइलला ६०० (म्हणजे दोन्ही फक्त मालकापुरत्या), होमवरची ग्रुपची परवानगी काढली, आणि एंटर दाबताच आत. पासवर्ड न विचारता आत गेलो तेव्हा क्षणभर काहीतरी विसरल्यासारखं वाटलं. बोटं कीबोर्डवर तयारच होती.

या खेपेला प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं दिलं. मुखवटा उतरला. किल्ल्यांपेक्षाही याचंच मला जास्त समाधान आहे. सतरापैकी एकच यंत्र बाहेरच्या जगाला दिसेल असं ठेवलं आणि उरलेल्या सोळांकडे त्यातूनच जायचं ठरवलं. यासाठी लोक सर्रास एजंट फॉरवर्डिंग चालू करतात, म्हणजे लॅपटॉपवरचा एजंट मधल्या यंत्रालाही वापरू देतात. माझं मत विचाराल तर करू नये. मधल्या यंत्रावर कुणी रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊन बसला असेल, तर तुम्ही जोडलेले असेपर्यंत तो तुमच्या नावाने सह्या करून घेऊ शकतो. एसएसएचच्याच प्रॉक्सीजंप या दुसऱ्या पर्यायात मधलं यंत्र निव्वळ पाइपासारखं असतं आणि सही तुमच्याच लॅपटॉपवर होते.

आणि मग तो दिवस. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ या शब्दापुढे ‘यस’ होतं, तिथे ‘नो’ लिहायचं. काम दोन अक्षरांचं. पण ज्या दारातून आपण आत आलो तेच दार आतून बंद करायचं असतं, आणि चुकलं तर बाहेरच राहायचं. यासाठी जुनी माणसं एक नेम पाळतात : आधीची जोडणी उघडी ठेवायची, सेवा नव्याने सुरू करायची, आणि दुसऱ्या खिडकीतून नवीन जोडणी होते का ते बघितल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही. मी तो पाळला. नवी जोडणी किल्लीने झाली. खूश होऊन बाकीच्या सर्व्हरांवरही तेच केलं आणि ‘झालं’ असं कळवून टाकलं.

झालं नव्हतं. रात्री उगाच वाटलं म्हणून घरून किल्ली मुद्दाम बाजूला ठेवून जोडणी केली, आणि सर्व्हरने अगदी आपुलकीने पासवर्ड विचारला. मी अकरा अक्षरं टाइप केली. आत!

कारण क्षुल्लक होतं, आणि पुढेही अनेकांना नडणार असल्याने सांगतो. या कॉन्फिगरेशनमध्ये एकाच गोष्टीबद्दल दोन ओळी असतील तर पहिली चालते, नंतरची नाही. बऱ्याच प्रोग्रॅमांत याच्या उलट असतं. मुख्य फाइलच्या अगदी वरच्या ओळीत एका फोल्डरातल्या छोट्या फायली आधी वाचून घेण्याचा हुकूम होता, आणि क्लाउडवर यंत्र तयार होतानाच तिथे एक फाइल आपोआप पडली होती. तिच्यात एकच ओळ, पासवर्ड चालू. माझं ‘नो’ खाली बसून कुणी ऐकतंय का बघत राहिलं होतं. एसएसएचडीला, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएचच्या प्रोग्रॅमला, मोठ्या ‘टी’चा पर्याय देऊन चालवलं की तो प्रत्यक्षात काय मानतो आहे ते छापून देतो. तेव्हापासून मी फाइल वाचून विश्वास ठेवत नाही, त्यालाच विचारतो.

यानंतर सहा महिन्यांनी आम्ही हार्डवेअर किल्ल्या घेतल्या, यूएसबीत खुपसायच्या, बोट टेकवल्याशिवाय सही न करणाऱ्या. ओपनएसएसएच या आमच्या एसएसएच प्रोग्रॅममध्ये २०२०च्या ८.२ आवृत्तीपासून त्यांची सोय आहे. फाइलची नक्कल होऊ शकते, पण या चिपमधून खासगी किल्ली बाहेर काढता येत नाही. वेबवरच्या पॅनेलसाठी त्याच किल्ल्या पासकी, म्हणजे पासवर्डच्या जागी, म्हणून चालतात, आणि तिथे त्यांचा मोठा गुण कळतो. त्यांची सही वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणारं बनावट पान डोळ्यांना फसवेल, पण किल्लीच्या लेखी तो पत्ताच वेगळा, त्यामुळे ती ढिम्म हलत नाही. प्रत्येकाला दोन किल्ल्या दिल्या, एक वापरायला आणि एक बंद लिफाफ्यात, कारण हरवणार हे ठरलेलं. पहिली सव्वा महिन्यात हरवली. माझीच.

पण या सगळ्या कामात मला सगळ्यांत जास्त वेळ लागला तो एक फाइल वाचायला.

पासवर्ड सगळ्यांकडे होता, तरी मधल्या वर्षांत काही हौशी मंडळींनी डिप्लॉय खात्यावर आपापल्या किल्ल्याही डकवून ठेवल्या होत्या. ती यादी यंत्रावरून यंत्रावर नकलत आली होती. एका ओळीत एक किल्ली. आधी प्रकार, मग अर्थहीन अक्षरांची माळ (ईडी२५५१९ची बरोबर ६८ अक्षरं, जुन्या आरएसए प्रकाराची त्याहून कितीतरी लांब), आणि शेवटी एक नोंद, बहुधा माणसाचं आणि त्याच्या यंत्राचं नाव. ही नोंद कुणी तपासत नाही. तिथे काहीही लिहा, सर्व्हरला फरक पडत नाही. ती माणसांनी माणसांसाठी लिहिलेली असते.

एकतीस ओळी होत्या. आम्ही बारा जण.

एकेक ओळ वाचत गेलो. इंटर्नशिपला येऊन गेलेली मुलगी. तीन महिन्यांसाठी आलेला सल्लागार. एका ओळीपुढे नुसतं ‘नवा लॅपटॉप’, कुणाचा ते देव जाणे. एकीपुढे ‘तात्पुरती’. एकीच्या शेवटी वर्ष लिहिलं होतं, २००७, आणि ती बघून पोटात गोळा आला. २००६मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीतल्या ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे किल्ल्यांसाठी यादृच्छिक आकडे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक दुरुस्ती झाली होती, आणि तिने यादृच्छिकतेचं जवळजवळ सगळं सत्त्वच काढून टाकलं होतं. किल्ली ठरवायला उरला तो प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, क्रमांक. एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२,७६७ शक्यता. म्हणजे दुपारच्या चहापर्यंत सगळ्या लावून बघता येतील इतक्या. मे २००८मध्ये लुसियानो बेल्लो याने ते उघडकीला आणलं, तोवर अशा किल्ल्या जगभर पसरल्या होत्या. आमची त्यातली होती का ते मी तपासत बसलो नाही. काढून टाकली.

अशा विसरलेल्या ओळींनी काय होतं याचं एक ठसठशीत उदाहरण २०२१चं आहे. अमेरिकेतली इंधन वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन सायबर हल्ल्यानंतर मे महिन्यात काही दिवस बंद पडली. हल्लेखोर आत शिरले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे दुरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या खात्यातून. ते वापरातही नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि त्याला दुसरी पडताळणी नव्हती. कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटपुढे आवर्जून सांगितलं, की पासवर्ड काही सोपा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता. मला त्यांची कीव आली. आमचाही गुंतागुंतीचाच होता.

यावर चांगला उपाय आहे आणि तो मी अजून केलेला नाही, हे कबूल करतो. ओपनएसएसएचमध्ये २०१०पासून प्रमाणपत्रांची सोय आहे. यादीच ठेवायची नाही, रोज सकाळी प्रत्येकाच्या किल्लीवर आठ तासांपुरता शिक्का मारून द्यायचा. संध्याकाळी तो आपोआप मरतो आणि कुणाला काढावं लागत नाही. माझ्या कामांच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकावर आहे. गेल्या वर्षीही तिसऱ्याच क्रमांकावर होतं.

त्या एकतीस ओळींत अठ्ठाविसावी सरांची होती. चार वर्षांपूर्वी त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा आम्ही त्यांना निरोप दिला, भाषणं केली, फोटो काढले. किल्ली काढायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्यांनी मला पोर्ट म्हणजे काय ते शिकवलं, त्यांची ओळ पुसताना उगाच अपराधी वाटलं. पुसली, आणि मग त्यांना फोन लावला.

“सर, आज तुमची किल्ली काढली. सर्व्हरवर अजून होती.”

“अजून?” ते मोठ्याने हसले. “अरे, तो लॅपटॉप मी पुतणीला देऊन टाकला कधीच.”

“देताना फॉरमॅट केला होतात ना?”

“केला असावा.” थोडं थांबून, “केला असेल रे.”

मी काही बोललो नाही. मग त्यांनीच विचारलं, “आणि डिप्लॉयचा पासवर्ड? तो तरी बदललात की नाही?”

“तो आता कुठेच लागत नाही. बंदच केला.”

पलीकडे शांतता. मग त्यांनी सावकाश तो म्हणून दाखवला, एकेक अक्षर, कॅपिटल म्हणजे कॅपिटल, शून्य म्हणजे शून्य. दहा अक्षरं झाली आणि अडकले.

“शेवटी काय होतं रे? प्रश्नचिन्ह होतं का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्याआधीच टेबलावर माझ्या बोटांनी शिफ्ट आणि एक दाबलं होतं.